छाननी

आईला अर्ज मागे घ्यायला लावायचं, हे ती जिना चढून वर येण्याआधीच ठरलं होतं. कोणी बोलायचं, एवढंच बाकी होतं.

रविवारची दुपार होती. थोरल्याच्या घरी सगळे जमले होते. खालचा लेथचा कारखाना बंद होता, तरी तेलाचा आणि लोखंडाच्या किसाचा वास जिन्याने वर येऊन पडद्यात मुरला होता. थोरला खुर्चीत पुढे वाकून बसला होता, तळहातावरचे काळे व्रण अंगठ्याने घासत. डॉक्टर, म्हणजे ताईचा नवरा, वर्तमानपत्र वाचत होता. ताई आईला घेऊन येत होती. धाकटा खिडकीशी उभा होता. नगरसेवक झाल्यापासून त्याला कुठल्याही खोलीत खिडकीशी उभं राहायची सवय लागली होती. खाली कोण आलं, कोण गेलं, हे त्याला आधी कळायला हवं असे.

पंधरवडाभर गावात दुसरा विषय नव्हता. साहेबांच्या वॉर्डात साहेबांची आईच साहेबांच्या विरोधात उभी राहिली होती. न्हाव्याच्या दुकानात तो शिरला की गप्पा थांबत आणि कात्रीचा आवाज तेवढा चालू राहत असे. पक्षाच्या अध्यक्षांनी त्याला बोलावून हसत हसत विचारलं होतं, की ज्याला घरातली एक म्हातारी आवरत नाही, तो वॉर्ड कसा आवरणार. ते हसणं धाकट्याच्या कानातून जात नव्हतं.

आई उभी राहिली ती बटणवालीमुळे. कपड्यांच्या कारखान्यात आई मुकादम होती तेव्हा बटणवाली तिच्या हाताखाली बटणं लावायची. संपाच्या वर्षी दोघींनी एकाच फाटकासमोर लाठ्या खाल्ल्या होत्या. नंतर कारखाना गेला, नवरे गेले, पण कालव्याकाठच्या बैठ्या घरांतली शेजारणींची बैठक मोडली नव्हती. आई वडिलांच्या पश्चात ताईकडे राहायला आली, तरी रोज संध्याकाळी तिकडे जायचीच. ती घरं पाडून तिथल्या म्हाताऱ्यांना गावाबाहेरच्या नव्या इमारतींत हलवायचा ठराव नगरपालिकेत आला. मांडला धाकट्याने. पहिल्या खेपेला ज्यांना हलवलं त्यांत बटणवाली होती. तिला तिसरा मजला मिळाला. लिफ्ट अजून बसायची होती. गुडघ्यांनी तिला वर नेलं ते नेलं, खाली काही आणलं नाही. वास आल्यावर शेजाऱ्यांनी दार फोडलं.

त्यानंतर राहिलेले सगळे म्हातारे एका संध्याकाळी पंपघरासमोर जमले. निवृत्त पोस्टमन म्हणाला, आपल्यातलं कोणीतरी आत बसल्याशिवाय हे थांबायचं नाही. सगळ्यांनी आईकडे पाहिलं. प्रचार सुरू झाला तो घडीच्या खुर्च्या काखेत मारून. चार घरं झाली की सगळे बसत, पाणी पीत, पुन्हा उठत. पोस्टमन म्हणायचा, “आपल्या पक्षाचं एक बरं आहे. फुटून जायला कोणाच्या पायात जोर नाही.” लोक हसत, पण दारं उघडत. धाकट्याला भीती वाटत होती ती त्या उघडणाऱ्या दारांची.

आई आली आणि ताठ पाठीच्या खुर्चीवर बसली. तिने एकेकाकडे पाहून घेतलं.

“मयताला आल्यासारखी तोंडं केलीत,” ती म्हणाली. “बोला आता.”

धाकटा बोलला, आणि चांगलं बोलला. इमारतींसाठी त्याने किती वर्षं खस्ता खाल्ल्या ते सांगितलं. बैठ्या घरांत दरवर्षी कालव्याचं पाणी शिरतं, भिंतींना ओल, संडास बाहेर, हे तिलाही माहीत होतं. लिफ्ट आता बसली होती. एका बाईच्या बाबतीत घात झाला, त्याचं त्यालाही वाईट वाटत होतं. पण त्यासाठी सगळं मोडीत काढायचं का, असं त्याने विचारलं. तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच वाटत होतं की म्हाताऱ्यांचं भलं तो करतोय आणि म्हातारेच ते होऊ देत नाहीत.

आईने सगळं ऐकलं. “तिला लिफ्ट नकोच होती,” ती म्हणाली. “तिला उंबरा हवा होता. दिवसभर उंबऱ्यात बसायचं, जाणाऱ्या-येणाऱ्याशी दोन शब्द बोलायचे. तेवढ्यावर ती जगत होती. तुम्ही कोणी तिला विचारलंत?”

“आई, तू निवडून येणार नाहीस.”

“मग घाबरतोस कशाला?”

“लोक काय म्हणतात ते तू ऐकत नाहीस. पोटच्या पोराविरुद्ध उभी राहिलीस म्हणतात.”

“मी तुझ्याविरुद्ध नाही उभी राहिले. त्या घरांसाठी उभी आहे. तू मध्ये येऊन उभा आहेस.”

थोरल्याने तोंड उघडलं ते जमिनीकडे बघत. त्याचा कारखाना नगरपालिकेच्या जागेवर होता. भाडेकरार धाकट्याच्या शब्दावर दर वेळी वाढवून मिळत होता. धाकटा पडला तर पहिली कुऱ्हाड आपल्यावर, हे त्याने आडून आडून सांगितलं. खाली पाच माणसं कामाला होती, त्यांचीही घरं होती. शेवटी तो म्हणाला, “माझा तरी विचार कर.”

आई त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली. लहानपणी तो बोलायला उशिरा शिकला होता आणि त्याचं न बोललेलं सगळं तिलाच कळायचं. आता त्याने एकच वाक्य मागितलं होतं. ती नाही म्हणाली नाही. हो पण म्हणाली नाही.

तेव्हा स्वयंपाकघराच्या दारातून थोरली सून बोलली. “उभ्या राहू देत की आईंना. हरल्या तर हरल्या. घरचं माणूस निवडणूक हरल्याने कोणी मरत नाही.”

सगळे तिच्याकडे वळले. आईसुद्धा. या दोघींचं कधी पटलं नव्हतं. सून लग्न होऊन आली तेव्हा तिला शहरात नोकरी लागली होती. या घरात एक मुकादम पुरे, असं म्हणून आईनेच ती सोडायला लावली होती. त्यानंतरची सगळी वर्षं दोघी कामापुरतं बोलत आल्या होत्या. आज सून सासूच्या बाजूने का बोलली, ते तिचं तिलाही नीट सांगता आलं नसतं. सगळ्यांनी खोलीत बसून एका बाईचं ठरवायचं, हे दृश्य तिला ओळखीचं होतं, एवढंच. त्या वेळी खुर्चीत ती स्वतः होती.

“तू आत जा,” थोरला म्हणाला. ती गेली नाही, दारातच उभी राहिली.

बोलणं इथेच संपलं असतं. आई उठूही लागली होती. पण ताई आतापर्यंत गप्प होती आणि तिच्या मनात गेला आठवडा उकळत होता. प्रचारात आई उन्हात भोवळ येऊन खाली बसली होती. आजूबाजूला सगळे तिच्याच वयाचे. उचलायचं कोणी? पोस्टमनने तिच्या डोक्यावर खुर्ची धरून सावली केली होती आणि कोणी तरुण माणूस रस्त्याने जाईपर्यंत ते सगळे तसेच उभे होते. ताईला हे दुसऱ्याकडून कळलं.

“राजकारण जाऊ दे खड्ड्यात,” ताई म्हणाली. “मला आईची काळजी आहे. तुम्ही कोणी तिच्याबरोबर राहत नाही, मी राहते.” आणि मग तिने सगळं सांगितलं. मागच्या महिन्यात आई कालव्यावरून येताना रस्ता चुकली होती. शिधावाल्याच्या दुकानात जाऊन दोनदा तेच सामान आणलं. आणि एकदा संध्याकाळी तिने विचारलं होतं, “हे अजून आले नाहीत?” वडिलांना जाऊन आठ वर्षं झाली होती.

आईने पदर खांद्यावर ओढून घेतला.

“मी झोपेतून उठले होते,” आई म्हणाली. पहिल्यांदाच तिचा आवाज खाली आला होता.

ताईने पाहिलं, धाकट्याने डॉक्टरकडे पाहिलं आणि डॉक्टरने वर्तमानपत्राची घडी घातली. त्या नजरेचा अर्थ तिला कळला. कळला म्हणूनच तिने मान फिरवली आणि आईचा पेला उचलून आत नेला.

डॉक्टरने आईला रक्तदाब बघायला म्हणून आतल्या खोलीत नेलं. तो मऊ बोलणारा माणूस होता आणि आईची औषधं तोच बघत असे. पट्टा दंडाला बांधता बांधता त्याने आज तारीख काय, असं विचारलं. आई म्हणाली, रविवार आहे, तारखेशी मला काय करायचं. नगराध्यक्ष कोण, असं विचारल्यावर ती म्हणाली, ज्याच्यापुढे माझा मुलगा मान डोलावतो तो. डॉक्टर हसला आणि शंभरातून सात सात वजा करत जायला सांगितलं. त्र्याण्णव, शहाऐंशी. मग ती अडखळली. अठ्ठ्याहत्तर म्हणाली, नाही म्हणाली, पुन्हा मागे गेली.

“हे कशाला हवंय तुम्हाला?”

“सहज.”

सहज काही विचारणारा तो माणूस नव्हता. आईला ते ठाऊक होतं. पण तो तिच्या मुलीचा नवरा होता आणि त्याचा हात तिच्या नाडीवर होता. तिने पोलक्याची बाही खाली ओढून घेतली आणि पुढे काही विचारलं नाही.

गच्चीवर धाकट्याने ताईला गाठलं. खाली सांगितलंस तेवढंच लिहून दे, जास्त काही नको, असं तो म्हणाला. आईचा अर्ज आपोआप बाद होईल, तिला मागे घ्यावा लागणार नाही, मानही राहील. उन्हातान्हात फिरून ती रस्त्यातच दगावली तर आपण एकमेकांना तोंड दाखवू शकू का, असं त्याने विचारलं. तो रडवेला झाला होता आणि ते नाटक नव्हतं. ताईने नवऱ्याकडे पाहिलं.

“तू खोटं काही लिहीत नाहीयेस,” डॉक्टर म्हणाला.

ते खरंच होतं. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. खोटं असतं तर तिला नाही म्हणता आलं असतं.

छाननीला आईबरोबर थोरली सून गेली. नवऱ्याला तिने सांगितलं नाही. नगरपालिकेच्या दालनात बाकं कमी होती. म्हातारे आपापल्या घडीच्या खुर्च्या घेऊन आले होते. शिपायाने त्या बाहेर ठेवायला लावल्या, म्हणून ते भिंतीला टेकून उभे राहिले. पोस्टमनने इस्त्रीचा शर्ट घातला होता. सुनेच्या लक्षात आलं, की आईंचा हात आपण दंडाशी धरलाय आणि त्यांनी तो सोडवून घेतलेला नाही. इतक्या वर्षांत हे पहिल्यांदा घडत होतं.

निवडणूक अधिकारी तरुण होता. आईचं नाव आल्यावर त्याने घसा साफ केला. हरकत आली आहे, असं सांगून तो वाचू लागला. स्मृतिभ्रंशाची लक्षणं. निर्णयक्षमता बाधित. नियमाप्रमाणे उपचार करणाऱ्या डॉक्टरचं प्रमाणपत्र आणि सोबत राहणाऱ्या जवळच्या नातेवाइकाचं निवेदन. वाचताना त्याने एकदाही मान वर केली नाही.

“निवेदन कोणाचं?” आईने विचारलं.

“आपल्या कन्येचं.”

सून म्हणाली, “अहो, त्या तुमच्यासमोर उभ्या आहेत. काय हवं ते विचारा त्यांना. वॉर्डातलं एकेक घर विचारा.”

“मला परीक्षा घ्यायचा अधिकार नाही, बाई. मी फक्त कागद बघतो.”

आईने कागद मागितला. चष्मा लावला आणि सावकाश, ओळीवर बोट ठेवून वाचला.

“अक्षर तिचंच आहे,” ती म्हणाली.

अधिकारी आता जरा पुढे झुकला. त्याला कदाचित वाट काढून द्यायची होती. “यातलं काही खोटं असेल तर तसं सांगा. मी नोंद घेतो.”

सून मनातल्या मनात म्हणत होती, सांगा, सगळं खोटं आहे म्हणून सांगा, कोण बघायला आलंय.

“खोटं काही नाही,” आई म्हणाली. “मी विसरते. रस्ता चुकले होते, तेही खरं. पण तिसऱ्या मजल्यावर एक बाई मेली, ते मी विसरले नाही. ते तुम्ही सगळे विसरलात. त्याचा कागद कोण देतं?”

अधिकाऱ्याने खाली बघून सही केली. अर्ज बाद झाला. पोस्टमन पुढे येऊन म्हणाला, मग माझा घ्या. अर्जाची मुदत संपून गेली होती.

दालनाबाहेर धाकटा उभा होता. आईला घरी सोडायला त्याने गाडी आणली होती. काय बोलायचं ते त्याने ठरवून ठेवलं होतं, पण म्हाताऱ्यांचा तो घोळका खुर्च्या उचलून हळूहळू बाहेर पडू लागला तेव्हा त्यातला एकही माणूस त्याच्याकडे रागाने बघेना. ते त्याच्याकडे बघतच नव्हते. त्यातल्या अर्ध्यांनी त्याला अंगाखांद्यावर खेळवलं होतं. आई शेवटी आली.

“साहेब, वाट द्या,” ती म्हणाली.

तो बाजूला झाला. गाडीत परत येऊन बसला. नंतर अध्यक्षांचा फोन आला. अभिनंदन करायला.

सून आईला आपल्याकडे चला म्हणाली. नवऱ्याशी काय ते मी बघून घेईन, असंही म्हणाली. आईने तिच्या पाठीवर हात ठेवला. “माझी औषधं तिकडे आहेत,” असं म्हणून ती ताईकडेच परत गेली. ताई दार उघडून उभी राहिली आणि आता आई काय बोलते त्याची वाट बघू लागली. आईने चपला काढल्या, हात धुतले आणि जेवायला काय आहे ते विचारलं. दुसऱ्या दिवशीही तेच. आई ओरडली असती, बोलणं टाकलं असतं, तर ताईला सोसलं असतं. तिने पाठ करून ठेवलेली सगळी उत्तरं तिच्याजवळच राहिली.

मतदानाच्या दिवशी आई सकाळीच आवरून बसली. मत द्यायचं वय झाल्यापासून तिने एकही निवडणूक चुकवली नव्हती. धाकटा पोटात होता तेव्हा नववा महिना भरत असतानाही ती रांगेत उभी राहिली होती, हे घरात पुन्हा पुन्हा सांगितलं जायचं. ताई तिच्याबरोबर निघाली. केंद्र शाळेत होतं. रांगेतल्या लोकांनी आईला पुढे जाऊ दिलं. टेबलामागच्या बाईने यादीवरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं आणि शेजारच्या माणसाला विचारलं. त्याने दुसरा कागद काढला.

“आजी, तुमचं नाव कमी केलंय.”

“मी आहे की अजून.”

“तसं नाही. प्रमाणपत्र आलंय ना तुमचं. त्यावरून उमेदवारी गेली की नावही जातं. आपोआपच होतं ते.”

ताई काहीतरी बोलू लागली, मी त्यांची मुलगी आहे, चूक झाली आहे, माझ्या यजमानांना फोन करते. त्या बाईने सहानुभूतीने मान हलवली आणि मागच्या माणसाला पुढे यायची खूण केली. आई शांतपणे बाजूला झाली.

“तू दे,” ती म्हणाली. “रांग सोडू नकोस.”

ताईने मतपत्रिका घेतली. आडोशापाशी जायच्या आधी ती आईजवळ आली आणि हळूच म्हणाली, “आई, कोणाला देऊ? तू सांगशील त्याला देते. हे तुझंच मत समज.”

आईने तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, आणि ताईला तेच जन्मभर पुरलं.

“मला कशाला विचारतेस? मला कळत नाही, असं तूच लिहून दिलंयस ना.”

आडोशाच्या आत ताई शिक्का हातात धरून उभी राहिली. पहिलंच नाव भावाचं होतं. खालच्या दोघांना ती ओळखत नव्हती. बाहेरून कोणीतरी लवकर करा म्हणालं. तिने कोरा कागद दुमडला आणि पेटीत टाकला. बाहेर आली तेव्हा आई ओसरीच्या कट्ट्यावर पोस्टमनशेजारी बसली होती.

धाकटा निवडून आला. पावसाळ्याआधी बैठी घरं रिकामी झाली. ट्रक येत राहिले, पोस्टमनला चौथा मजला मिळाला. लिफ्ट चालू होती, पण त्याला ती एकट्याने चालवायची भीती वाटायची. आई संध्याकाळी बाहेर पडायची थांबली. जायला तिकडे काही उरलं नव्हतं.

तिच्यातला बदल ताईच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. एके सकाळी आईने विचारलं, खिडकी उघडू का? ताईला वाटलं, बाहेर वारं आहे म्हणून विचारत असेल. मग तिने विचारलं, भातात मीठ घालू का? आंघोळीला जाऊ का? दिवा लावू का? नऊशे बायकांचा कारखाना जिच्या आवाजावर सुरू व्हायचा आणि बंद व्हायचा, ती बाई ताईच्या तोंडाकडे बघून, हो म्हणेपर्यंत थांबून राही. ताई सुरुवातीला चिडली, मग विनवण्या केल्या, मग एकदा आईचे हात धरून रडली. आईने विचारलं, “तुझे डोळे पुसू का?”

डॉक्टर म्हणाला, या आजारात असं होतं. ताईने त्याच्याकडे पाहिलं. आजार आहे की शिक्षा, हे तिला कधीच कळणार नव्हतं, आणि जिला विचारायचं ती आता फक्त प्रश्न विचारत होती.

अशाच एका दुपारी धाकटा ताईकडे आला. निवडणुकीनंतर पहिल्यांदाच. बरोबर कोणी नव्हतं. तो वाळला होता. आईसमोर खुर्ची ओढून बसला आणि तिचा हात हातात घेतला. तिने घेऊ दिला. त्याने कशी आहेस विचारलं, एकदा, दोनदा. ती त्याच्या चेहऱ्याकडे नीट बघत होती, कपाळावर, कानांवर, हनुवटीवरच्या लहानपणच्या व्रणावर. मग ती स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या ताईकडे वळली.

“ताई,” आईने विचारलं, “मी याला ओळखते, असं सांगू का?”